प्रमोदची दोन प्रोसेसरची मशीन

ईशा, निहार,

आपल्या शेजारचा प्रमोद संगणकाच्या पेटीला उलटा हात लावून पाहायचा, तापलेल्या मुलाच्या कपाळाला लावतात तसा. पुण्याच्या एका कंपनीत तो प्रोग्रॅम लिहीत असे. वडिलांना अर्धांगवायू झाला आणि तो इथे चिखलीला परत आला, कारण ते फक्त त्याच्याच हातचा घास घेत.

साहेबाने एक सवलत दिली होती. हातातले काम उन्हाळ्यात घरून पूर्ण करून दाखव, मग कायम गावाहूनच काम कर. लॅपटॉप त्या कामाला पुरेना. कंपनीच्या मशीनवर दुरून काम करावे, तर इथले नेट सारखे जाई. घरातच दणकट मशीन हवी होती आणि नवी परवडत नव्हती. माझ्या ओसरीवर बसून त्याने बरेच दिवस डोके खाजवले. शेवटी मोठ्या कंपन्या मोडीत काढतात तसला सर्व्हरचा जुना बोर्ड मागवला. त्यावर दोन प्रोसेसर होते.

"दोन कशाला रे?" मी विचारले.

"काकू, नवा तगडा एक घेतला तं खिसा फाटते. हे दोघं म्हातारे हायेत, पण मिळून वढतात. फक्त काम बराबर वाटून द्या लागते. नाही तं एक राबते, अन् दुसरा सुरतेत बसून फोन करते."

सुरतेला त्याचा थोरला भाऊ होता.

"भावाले काऊन बोलतं रे?" भिंतीपलीकडून त्याची आई, कमलाबाई, ओरडली.

"प्रोसेसरचं सांगून राह्यलो, माय!"

मशीन चांगली चालली, पण फार तापायची. म्हणून पेटीचा एका बाजूचा पत्रा त्याने काढूनच ठेवला होता. मे महिन्यातल्या एका दुपारी तो औषधे आणायला गेला. कमलाबाईने त्याच्यासारखाच उलटा हात लावून पाहिला. नवऱ्याच्या खाटेजवळचा कूलर ओढला आणि त्याचे तोंड मशीनकडे केले. आपल्याकडचा कूलर वाऱ्याबरोबर पाण्याचे तुषारही फेकतो.

तिची हाक ऐकून मी गेले. खोलीत जळका वास होता. मागोमाग प्रमोद आला.

"लय तापलं होतं बाप्पा," ती म्हणाली. "माह्यानं बिघडलं का रे?"

ओला बोर्ड त्याने फडक्याने पुसला. बराच वेळ पुसत राहिला.

"नाही, माय. माल जुना होता. जाणारच होता."

फाटकापाशी मात्र तो मला म्हणाला, "पाण्यानं जळली, काकू. तिले सांगू नका."

काम वेळेत गेले नाही. पावसाळ्याच्या तोंडावर त्याला पुण्याला जावे लागले. कमलाबाईने घास पुढे केला की वडील मान फिरवत. ते वाळत गेले आणि पोळ्याच्या आधी वारले. प्रमोद एसटीने पोचला, तेव्हा तिरडी बांधून झाली होती.

आता तो क्वचित येतो.

दिवाळीत तुम्ही याल. तुम्ही संगणकावर काम करता हे कमलाबाईला ठाऊक आहे, आणि माझ्या सांगण्यावर तिचा विश्वास बसलेला नाही. ती तुम्हाला विचारील. तिला सांगा, माल जुना होता.