न धुतलेला भेजा

श्रीरामपूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या पुष्पावती कडू बाईंचं घर माळकरी. अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे. आणि बाईंच्या पीएच.डी.ला लागायचा बोकडाचा ताजा भेजा! मेंदूतल्या पोकळ्यांना आतून पेशींचं अस्तर असतं. त्या पेशींना बारीक केस असतात आणि ते सारखे हलत असतात. पेशीच्या आत नळ्यांचा सांगाडा असतो. औषधाने तो मोडला तर केसांचं काय होतं, एवढंच बाईंना सूक्ष्मदर्शकातून पाहायचं होतं. पण मेले केस औषध घालायच्या आधीच गार पडलेले असत.

पुण्याचे मार्गदर्शक सर वैतागले. "शनिवारी येतो. केस हलताना दिसले नाहीत तर हा विषय सोडा." बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. दोन वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं.

भेजा द्यायचा नबीलाल खाटीक. बाई त्याच्या दुकानाची पायरी कधी चढल्या नाहीत, लोक काय म्हणतील! डोक्यावरून पदर ओढून त्या पलीकडच्या लिंबाखाली उभ्या राहायच्या. कोमट खाऱ्या पाण्याचा त्यांचा थर्मास नबीलाल आत न्यायचा आणि भेजा टाकून आणून द्यायचा.

शनिवारी सकाळी मात्र त्यांना लिंबाखाली उभं राहवेना. तडक दुकानात शिरल्या, आणि पाहतात तो काय, नबीलाल बादलीत भेजा खळखळून धुतोय!

"अहो, हे काय करताय?"

"रोजच करतो की, बाई. दुसऱ्यांना तसाच देतो. पर तुमी माळकरी घरच्या. रगत दिसू न्हाई म्हून दोन पान्यानं धुतो."

बाहत्तरचा दुष्काळ अजून सरला नव्हता. हंडाभर पाण्यासाठी बायका एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या, आणि हा बाबा बाईंच्या सोवळ्यासाठी बादल्या ओतत होता! साध्या पाण्यात ते नाजूक केस कुठले टिकायला? रागवावं की पाया पडावं, बाईंना कळेना. त्या हसायलाच लागल्या.

"नबीलालभाई, एक बिनधुतलेला द्या. रक्तासकट."

"तुमाला चालंल?"

"चांगलं चालेल!"

दुपारी सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तो काढीचनात. वाऱ्यावर ज्वारी डोलावी तसे केस डोलत होते. "घाला औषध," सर म्हणाले. बाईंना इतकं हायसं वाटलं की डोळे पुसतच त्यांनी बाटली उघडली.

पुढच्या खेपेला बाई लिंबाखाली गेल्याच नाहीत. पदर खांद्यावर ठेवून भर रस्त्यातून त्यांनी हाक मारली, "नबीलालभाई, आमचा भेजा धुऊ नका हं!"

अख्खी पेठ वळून पाहू लागली. पाहू दे बापडी.