घासलेला डबा

सुबोध राणेचा जेवणाचा डबा संध्याकाळी घासूनपुसून घरी यायला लागला, तेव्हाच प्रेमाच्या मनात पाल चुकचुकली. इतक्या वर्षांच्या संसारात या नवऱ्यानं स्वतःचा चहाचा कप कधी विसळला नव्हता.

शुगर वाढल्यापासून सुबोध असल्फ्याहून मरोळच्या छपाईच्या प्रेसवर कामाला सायकलनं जायचा. प्रेमा लवकर उठून नाचणीची भाकरी आणि मोड आलेल्या मटकीची रसदार उसळ भरून द्यायची. कॅरियरला पिशवी बांधून स्वारी निघायची. पण हल्ली घरात पाऊल टाकल्या टाकल्या तो भातावर तुटून पडायचा.

"दुपारी जेवलात ना?"

"जेवलो की. झकास झाली होती उसळ."

त्या दिवशी उसळीत मीठच नव्हतं. ती कामाला जायची त्या शिवणाच्या दुकानात स्वतःचा डबा उघडल्यावर प्रेमाला ते कळलं होतं.

म्हणजे हा बाहेर एखाद्या वडापाववर भागवतो आणि डबा कुणाला तरी देतो. कुणाला? प्रेसवर नवीन आलेली ऋतिका डाएट करते, हे त्यानंच मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. मग डब्याला येणारा साबणाचा वासही प्रेमाला खटकायला लागला. घरातला साबण तसला नव्हता.

अखेर एके दिवशी अर्धी सुट्टी टाकून तिनं जेवणाच्या वेळेला मरोळ गाठलं. गाळ्यात ऋतिका एकटीच चपाती-भाजी खात बसली होती.

"राणेकाका मागे नळावर असतील," ती म्हणाली. "रोज तिथेच असतात."

नळापाशी सुबोध पाठमोरा, उकिडवा बसला होता. पिवळीजर्द झालेली कापडी पिशवी घासत होता. बाजूला झाकण निसटलेला डबा, त्यात तळाशी जेमतेम चमचाभर उसळ. दगडावर कागदात कोरडी भाकरी.

"हे काय चाललंय?"

तो दचकला. मग खाली बघत म्हणाला, "साकीनाक्याचे खड्डे गं. डबा आडवा होतो, सगळा रस्सा सांडतो."

"रोज?"

"रोजच."

"मग सांगायला काय झालं होतं?"

"सायकल बंद करायला लावली असतीस. मला आवडायला लागलीय ती."

प्रेमाला राग आला, त्याचा आणि स्वतःचाही. माणूस कोरडी भाकरी चावत होता आणि आपण भलतंच मनात धरून बसलो. ते मनातलं तिनं त्याला सांगितलं नाही. पिशवी त्याच्या हातातून घेतली आणि स्वतः पिळून वाळत टाकली.

दुसऱ्या दिवसापासून रस्सा बंद. मटकी कोरडी परतून भाकरीत गुंडाळलेली, ताक फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत, आणि सगळं पाठीवरच्या सॅकमध्ये. तो निघण्याआधी तिनं बाटली मोरीवर उलटी धरून बघितली. थेंब पडला नाही.

तरी दुपारी तिनं ऋतिकाला फोन लावला. आदल्या दिवशी प्रेसवरून निघताना तिचा नंबर घेऊन ठेवला होता.

"काका जेवतायत का गं?"

"जेवतायत ना, काकू. घे म्हणूनसुद्धा विचारलं नाही मला."

प्रेमानं फोन ठेवला आणि आपला डबा उघडला.