वीतभर रोप आणि पाच बोटांचं पान

सकाळी लावलेली रोपं दुपारपर्यंत आडवी झाली होती. एखाददुसरं नव्हे, अख्ख्या वाफ्यातली. मी बादली घेऊन त्यांच्यामध्ये उभा होतो आणि पाणी घातलेल्या रोपांनाच पुन्हा पाणी घालत होतो.

रोपं भांगेची होती. श्रीगोंद्याजवळ एका वैद्यांची औषधी बाग होती, तिथे मी कामाला होतो. भांग औषधात लागते आणि ती लावायला त्या काळी सरकारी परवाना मिळत असे. ही गोष्ट मोठ्या दुष्काळाच्या आदल्या सालची. बी मोजकंच आलेलं, ते सगळं दोन वाफ्यांत पेरलेलं. शुक्रवारी परवान्याचे साहेब पाहणीला येणार होते. शेतात झाडं उभी दिसली नाहीत तर परवाना जाणार, आणि त्याच्याबरोबर मीही. कारण मला घेताना वैद्यसाहेब एवढंच म्हणाले होते, ‘पावसाळाभर बघू.’

मी संगमेश्वरकडचा. आठवीत शाळा सुटलेली. परत गेलो तर घरी काय सांगायचं, याचा विचार मी रोज करत असे.

मुकादम जालिंदरनाना दोन दिवस गावी, मिरजगावला गेले होते. ते यायच्या आत काम उरकून दाखवावं, असं माझ्या मनात आलं. आमच्याकडे भाताचा तरवा, म्हणजे पेरून वाढवलेली रोपं, वीतभर झाला की उपटतात, मुळांची माती झटकतात आणि चिखलात खोचतात. ही रोपं वीतभर झाली होती. मी उपटली, झटकली आणि शेतात खोचली.

नाना संध्याकाळी आले. बांधावर पिशवी ठेवली आणि आडव्या रोपांपाशी आले.

“कुनी उपटली?”

“मी.”

“का?”

“वीतभर झाली होती, नाना.”

“वीत तुजी का माजी?”

मी मान खाली घातली. नानांनी एक मेलेलं रोप उचललं. “कोकण्या, ह्ये भात न्हाई. ह्याचं एकच मूळ सरळ खाली जातं. ते उघडं पडलं का संपलं. आन उंचीचं काय सांगतो? दाटीत उगवलेलं रोप उनासाठी नुसती मान वर काढतं. अंगात काय नसतं त्याच्या.”

मग त्यांनी मला दुसऱ्या वाफ्याशी उकिडवं बसवलं. तिथे त्यांनी जे शिकवलं, त्यावर मी पुढे चाळीस वर्षं नर्सरीत पोट भरलं, म्हणून सांगतो. बी फुटलं की आधी दोन गोल, गुळगुळीत डाळी येतात. ती खरी पानं नव्हेत, बियातली शिदोरी. त्यानंतर करवतीच्या काठाची पानं येतात. पहिल्या जोडीला एकच बोट, पुढच्या जोडीला तीन, मग पाच.

“पाच बोटांचं पान पुरतं उघडलं, खोड टणक लागलं आन खालच्या डाळी पिवळ्या पडल्या का समजायचं, शिदोरी संपली. आता त्ये सवताचं कमवून खातंय. तवर त्याला हलवायचं न्हाई.”

दुसऱ्या वाफ्यात तीन बोटं होती.

त्या दिवशी मी नानांकडे जेवायला गेलो नाही. नानी भाकरी आणि पिठलं घेऊन बागेतच आल्या. “रोपं मेली म्हनून तू बी मरतो का? खा,” म्हणाल्या आणि मी खाईपर्यंत बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी वैद्यसाहेबांसमोर नाना म्हणाले, “आमच्याकडून चूक झाली.” त्या ‘आमच्या’ची मला लाज वाटली. मी म्हणालो, “मी एकट्याने केली.”

वैद्यसाहेबांनी चष्मा काढून पुसला. “ठीक. मग दुसरा वाफा आज लावून टाका. शुक्रवारी काहीतरी उभं दिसू दे.”

नाना माझ्याकडे बघू लागले.

“मातीसकट काढून आज लावली तर शुक्रवारी उभी दिसतील, साहेब,” मी म्हणालो. “पण रविवारपर्यंत मरतील. अजून तीनच बोटं आहेत.”

“आणि परवाना गेला तर?”

वैद्यसाहेबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. पण लावा असं ते पुन्हा म्हणाले नाहीत.

शुक्रवारी पाहणीचे साहेब आले. रिकामं शेत बघून म्हणाले, “झाडं कुठायत?” वैद्यसाहेबांनी माझ्याकडे बोट केलं. मी त्यांना वाफ्यापाशी नेलं, खाली बसायची विनंती केली आणि डाळी दाखवल्या, एक बोट दाखवलं, तीन दाखवली, शेंड्यात मिटलेलं नवं पान दाखवलं. कडक इस्त्रीच्या पँटीत ते बसले. बोटं मोजली. एका नाही, तीन रोपांवर.

“दहा दिवसांनी येतो,” म्हणाले. “तेव्हा उभी पाहिजेत.”

सातव्या दिवशी डाळी पिवळ्या पडल्या. मी उन्हं उतरल्यावर खुरप्याने एकेक रोप मातीच्या गड्ड्यासकट काढलं. नाना बांधावर तंबाखू मळत बसले, त्यांनी हात लावला नाही. पाहणीचे साहेब आले तेव्हा दोन सोडून सगळी उभी होती.

पावसाळा संपला. मला ठेवलं की नाही, हे कुणी सांगेना. शेवटी नानांनाच विचारलं.

“पुढच्या सालचं बी कुनाच्या ताब्यात दिलंय?”

“माझ्या.”

“मंग? आता दवंडी पिटायची व्हय?”

नर्सरीत येणारं गिऱ्हाईक अजून आधी रोपाची उंची विचारतं. मी त्याला खाली बसायला सांगतो. उभ्याने पानं मोजता येत नाहीत.