सहा साक्षीदारांचा चहा

माझ्या मामांनी उभ्या आयुष्यात साक्षीदारांशिवाय सौदा केला नाही. सोनारीजवळच्या त्यांच्या गावात लोक त्यांच्या शब्दावर डोळे झाकून जनावर सोडून जातात. तरी मामा दोन माणसं बोलावणार, त्यांना चहा पाजणार आणि मगच जनावराचं दावं देणार-घेणार. साक्षीदार हयात नसताना शब्द फिरवला असता तर कुणाला कळलंही नसतं, असे प्रसंग आले होते. त्यांनी फिरवला नाही, आणि याचा त्यांना भारी अभिमान.

मला परदेशी लोकांच्या घरांचे नकाशे काढायचे पैसे क्रिप्टोत मिळतात, आणि मामांची देवणी जातीची गाय मला हवी होती. नातवाने त्यांच्या मोबाइलवर क्रिप्टोचं पाकीट उघडून दिलेलं. "दे त्यातच. बघू तर काय हाय ते," मामा म्हणाले. मी त्यांच्या मोबाइलवरचा क्यूआर कोडचा चौकोन स्कॅन केला आणि ठरलेल्या रुपयांएवढे क्रिप्टो पाठवले.

"साक्षीला कोण?"

"जगभरातले कॉम्प्युटर, मामा. त्यांनी सहा वेळा पक्कं केलं की झालं. तासभर लागेल."

मामांनी आत तोंड करून मामीला सांगितलं, "सहा कप च्या टाक."

मी समजावून थकलो. मोबाइलवर पक्कं केल्याची एकेक खूण वाढली की मामा त्या साक्षीदाराच्या वतीने एकेक कप पिऊन टाकत. चौथ्याला त्यांना मळमळायला लागलं, तेव्हा पाचवा माझ्या गळ्यात पडला. मधेच क्रिप्टोचा भाव वर गेला. "ठरल्याच्या वरचं मला नगं," म्हणत त्यांनी बंडीतून दोनशेची नोट काढून मला दिली. भाव उतरला, मी ती परत केली. त्या तासात ती नोट चार वेळा इकडून तिकडे झाली.

सहावी खूण आली.

"आता म्या म्हणलो, पैसे मिळालेच न्हाईत, तर?"

"म्हणताच येणार नाही. कायमची नोंद झाली. कुणीही बघू शकतं."

मामांचा चेहरा उतरला. "मंग माझ्या शब्दाचं काय काम ऱ्हायलं?"

इतका वेळ मी अक्कल पाजळत होतो. मला खरंच वाईट वाटलं. मामांनी रिकामे कप एकात एक घातले.

"गाय दिली का न्हाय, ते हाय का त्या नोंदीत?"

"नाही. फक्त पैशांचं."

"म्हंजी न्हाय दिली, तर ते साक्षीदार काय करतील?"

"काहीच नाही."

मामा ताडकन उठले. टोपी घातली, गाईचं दावं सोडलं. मी भाड्याने आणलेला टेम्पो दारात उभा होता, त्याच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. माझं गाव तिथून अकरा किलोमीटर. मामा गाय धरून पुढे, मी मागे, आणि आमच्या मागे रिकामा टेम्पो. वाटेत भेटेल त्याला ते थांबवून सांगत होते, "भाच्याला इकली. पैसे आले. आता न्हाय दिली तरी माझं कुणी काय करणार न्हाय. पर चाललोय द्यायला."