गैरहजरांच्या यादीतली आठ पोरं

लातूरच्या कोचिंगच्या गल्लीत गुरुपादप्पाला कुणी क्लार्क म्हणत नसे. पोरं 'अप्पा सर' म्हणायची, शिकवणारे सर नुसतंच 'अप्पा' म्हणायचे, आणि क्लासचे मालक रेणुकादास सर गडबडीत असले म्हणजे 'आपले ते रिझल्टवाले' एवढ्यावर भागवायचे. अप्पाचं कामही तेवढंच होतं. रविवारी साडेपाचशेच्या वर पोरांची चाचणी व्हायची, आणि सोमवारी सकाळी दहाच्या आत जिन्याखालच्या फळ्यावर रँकची यादी लागलेली हवी. त्या यादीपुढे पोरं चहा प्यायची थांबत. पहिले साठ 'अ' तुकडीत, पुढचे साठ 'ब'मध्ये, असं दर महिन्याला सगळं ढवळून निघे आणि रोल नंबरसुद्धा बदलत.

अप्पा निलंग्याकडचा. बी.कॉम. कसाबसा झालेला, बोटं मात्र की-बोर्डवर अशी चालायची की बघत राहावं. बरीच वर्षं त्याने हे काम एक्सेलमध्ये हाताने ओढलं. मग दोन हजार चौदाच्या उन्हाळ्यात झेरॉक्सच्या दुकानात त्याला कुणीतरी छापायला टाकून विसरलेलं पायथनचं एक इंग्रजी पुस्तक दिसलं. त्याने दुकानदाराकडून त्याची एक प्रत काढून घेतली, स्पायरल लावलं आणि एप्रिल-मे हे दोन महिने ते पुस्तक शब्दकोश शेजारी ठेवून वाचलं. पस्तिशीकडे झुकलेला माणूस, दोन लेकरांचा बाप, आणि दुपारच्या डब्यासमोर बसून पुटपुटतोय काय तर लूप आणि लिस्ट. बायको म्हणाली, "तुम्ही बी बारावीला बसून राहिलाव का काय?"

पायथनने सुरुवातीला त्याची चांगलीच जिरवली. जूनच्या पहिल्या सराव यादीत अठ्ठ्याण्णव मार्कांचं पोरगं पहिलं आलं आणि एकशे बेचाळीसवालं पार खाली गेलं. अप्पा तासभर डोकं धरून बसला. मग उमगलं, की हे यंत्र आकड्यांना अक्षरं समजून लावतंय. नऊ हा एकापेक्षा मोठा, म्हणून अठ्ठ्याण्णव वर. आकड्यांना आधी आकडा म्हणून सांगावं लागतं. पुढच्या खेपेला एकच पोरगी दोनदा दिसली, कारण कुणीतरी तिच्या नावापुढे एक रिकामी जागा टाईप केली होती. आपल्याला ती दिसत नाही, पायथनला बरोबर दिसते. एकदा एका रिकाम्या रकान्यापायी सगळा प्रोग्रामच मान टाकून पडला. अशी प्रत्येक अडचण अप्पा शंभरपानी वहीत उतरवायचा, खाली उपाय लिहायचा आणि त्याखाली रेघ मारायचा. रोजच्याच असल्या खाचाखोचा, पण एकेक सुटली की स्वारी अशी खूश, की दिवसभर सगळ्यांना स्वतः चहा सांगायची.

जुलैच्या शेवटी प्रोग्राम पक्का झाला. सोमवारी चार तास खाणारं काम रविवारी संध्याकाळीच पाच मिनिटांत व्हायला लागलं. यादी निघे, गैरहजर कोण तेही निघे, आणि गैरहजरांच्या घरी आपोआप मेसेज जाई. लागोपाठ तीन रविवार गैरहजर, तर 'अ' तुकडीतून नाव कमी, हा क्लासचा नियम. रेणुकादास सरांनी सगळ्यांसमोर अप्पाची पाठ थोपटली. अप्पाच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

ऑगस्टातल्या एका सोमवारी, यादी लावून अप्पा खुर्चीत टेकतोय तोच दारात एक माणूस उभा राहिला. डोक्याला रुमाल, हातात पत्र्याची पेटी. मागे एक मुलगी, डोळे सुजलेले.

"म्या भुजंग, मुखेडकडून आलो," तो म्हणाला. "हिची धाव्वीची मार्कलिस्ट तुमच्यापाशी हाय, ती द्या. पोरगीला घेऊन चाललो. बाराची गाडी हाय."

मुलगी तनुजा. 'अ' तुकडीतली, तिसऱ्या बाकावरची. तीन रविवारी तीन मेसेज गेले होते: आपली पाल्य तनुजा चाचणीस गैरहजर होती. भुजंगाच्या गावात तेव्हा मोबाईलची रेंज यायची ती फक्त शेषेराव दुकानदाराच्या माडीवर. मेसेज शेषेरावांच्या फोनवर पडायचे, आणि ते दुकानात बसून मोठ्याने वाचून दाखवायचे. म्हणजे तीन आठवडे अख्ख्या गावाने ऐकलं होतं, की भुजंगाची पोरगी लातुरात परीक्षेला जात नाही. मग कुठं जाते, हे गावाने आपापल्या मनाने जुळवून घेतलं.

"मी तिन्ही पेपर दिले, सर," तनुजा म्हणाली. "बाबांना सांगतेय सकाळपासून. हॉस्टेलच्या बाईलाही पहिल्या यादीपासून सांगतेय. सगळे म्हणतात, कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल?"

खरं सांगायचं तर अप्पाही मनात तेच म्हणाला. पोरं पेपर बुडवून गंजगोलाईच्या बाजारात हिंडतात आणि बसलो होतो म्हणून शपथा घेतात, हे त्याने अनेकदा पाहिलेलं. गेल्या आठवड्यात दोघा-तिघा पालकांचे फोन आले होते, त्यांनाही त्याने हेच ऐकवलं होतं. त्याने कपाट उघडलं, मार्कलिस्ट शोधून टेबलावर ठेवली आणि सहीचं रजिस्टर भुजंगापुढे सरकवलं.

भुजंग पेन घेऊन सहीची जागा शोधत होता. तनुजाने टेबलावरच्या यादीच्या प्रतीवर बोट ठेवलं, साठापासून वर पहिल्या नावापर्यंत नेलं आणि पुन्हा खाली आणलं. आपलं नाव नाही हे माहीत असूनही ती पुन्हा पुन्हा शोधत होती. अप्पा त्या बोटाकडे बघत राहिला.

त्र्याण्णवच्या भूकंपात तो अकरा वर्षांचा होता. आईला, कस्तुराबाईला, ढिगाऱ्यातून काढून ट्रकमध्ये घालून नेलं होतं. कुठे, ते कुणालाच सांगता येईना. बापाला वाचता येत नव्हतं. म्हणून लातूर आणि सोलापूरच्या दवाखान्यांतल्या भिंतींवर चिकटवलेल्या याद्या तीन दिवस अप्पाने असंच बोट ठेवून वाचल्या होत्या. कुठल्याच यादीत ती नव्हती. लोक बापाला म्हणाले, आता धीर धरा. आणि चौथ्या दिवशी सोलापुरात एका खाटेवरून तीच म्हणाली, "गुरू, पाणी दे रे." शुद्धीवर नव्हती म्हणून नाव कुणाला सांगताच आलं नव्हतं, एवढंच. अजून ती निलंग्याच्या घरी सुनेला स्वयंपाकातल्या चुका दाखवत ठणठणीत आहे.

"थांबा," अप्पा भुजंगाला म्हणाला. "सही करू नका. दहा मिनिटं बसा."

"गाडी जाईल की."

"दुसरी असती दोनला. बसा म्हणलं ना."

उत्तरपत्रिका महिनाभर पोत्यात बांधून माळ्यावर ठेवायची पद्धत होती. अप्पाने स्टूल ओढलं, पोतं खाली घेतलं आणि जमिनीवरच बसकण मारून 'अ' तुकडीचा गठ्ठा सोडला. विसाव्या का एकविसाव्या पानावर तनुजाचं नाव, तिची सही, वर पर्यवेक्षकाची सही. मागच्या रविवारचा गठ्ठा सोडला, त्यातही ती होतीच. त्याच्या आधीच्यातही होती.

पोरगी खरी, मग खोटं कोण? उत्तरपत्रिका वाचणारं मशीन तर नव्हतं. त्याच्या पडद्यावर काल पाचशे अठ्ठेचाळीस पानं वाचल्याची नोंद होती. अप्पाने आपल्या प्रोग्रामला विचारलं, तुझ्याकडे किती पोरं? त्याने निमूट सांगितलं, पाचशे चाळीस.

आठ पोरं आत गेली होती आणि बाहेर आली नव्हती. आत किती गेले, बाहेर किती आले, एवढा साधा ताळा त्याने तीन आठवड्यांत एकदाही केला नव्हता. कारण प्रोग्राम न अडखळता चालत होता, आणि न अडखळता चालतं ते बरोबरच असणार अशी त्याची समजूत.

कारण सापडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. पायथनमध्ये डिक्शनरी म्हणून एक प्रकार असतो: डावीकडे ओळख, उजवीकडे तिची माहिती. एका ओळखीला एकच जागा. त्याच ओळखीने दुसरा आला, तर तो पहिल्याच्या जागेवर बसतो, पहिला नाहीसा होतो आणि पायथन हूं की चूं करत नाही. अप्पाने ओळख म्हणून घरचा मोबाईल नंबर घेतला होता. रोल नंबर दर महिन्याला बदलतो, पोरं जुनाच लिहून बसतात. नाव एकसारखं असू शकतं. पण मोबाईल कसा, ज्याचा त्याचा. शहरात बसून हा हिशेब अगदी चोख वाटला होता.

"तुमच्या गावचं आणिक कुणी हाय का इथं?" अप्पाने विचारलं.

"हाय की. हरिओम," तनुजा म्हणाली. "'ड' तुकडीत. त्यानंबी शेषेरावकाकाचाच नंबर दिला. गावात दुसरा लागतोच कुठं?"

'अ'चे पेपर मशीनमध्ये आधी जायचे, 'ड'चे नंतर. दर रविवारी तनुजाच्या जागेवर हरिओम येऊन बसत होता, आणि त्या बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. बाकीची सातही तसलीच: कुठे जुळे भाऊ, कुठे मामेबहिणी, कुठे गावातल्या एकाच मास्तरचा नंबर दिलेले.

अप्पाने नंबर काढून क्लासचा कायमचा प्रवेश क्रमांक ओळख म्हणून लावला, जो एकदा दिला की बदलत नाही आणि पानावर मोबाईलशेजारीच लिहिलेला असतो. प्रोग्राम पुन्हा चालवला. पाचशे अठ्ठेचाळीस. त्याने तिन्ही रविवारांवर तो चालवला, तिन्ही आकडे मशीनशी जुळले. तनुजा काल अकरावी होती. एकशे ऐंशीपैकी एकशे एकावन्न.

"भुजंगराव, पोरगी तिन्ही येळेस हजर होती," अप्पा म्हणाला, आणि तिन्ही पानं त्याच्या हातात दिली. "चूक माझी हाय. मशीनची न्हाई, तिची तर न्हाईच न्हाई. मी लिहिलेलं चुकलं."

भुजंगाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण लेकीची सही ओळखता येत होती. तो तिन्ही सह्यांवरून अंगठा फिरवत राहिला. तनुजा मटकन खाली बसली आणि ओढणीत तोंड घालून रडली. पण हे रडणं वेगळं होतं, पाच मिनिटांत थांबलं.

तोवर रेणुकादास सर आले. सगळं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला, मग म्हणाले, "ठीक आहे, आठही घरी दुरुस्तीचा मेसेज टाका."

"मेसेज न्हाई, सर. मेसेजनंच घोळ केला. मी फोन करतो." सरांना अप्पाने असं उलट उत्तर आजवर दिलं नव्हतं. ते बाजूच्या खुर्चीत बसले.

अप्पाने तिथेच, भुजंगासमोर, स्पीकर लावून एकेक घर घेतलं. पहिला फोन शेषेरावांना. "खाली दुकानात किती लोकं हायत आत्ता? बरं. मोठ्यानं सांगा सगळ्यांना, तनुजा हजर होती आणि अकरावी आली." देवणीचा एक बाप आधी तापला, मग मार्क ऐकून शांत झाला. एकाने विचारलं, म्हंजे पोरगं हुशार हाय का न्हाई ते सांगा. अप्पा प्रत्येकाला तेच वाक्य म्हणत गेला: तुमचं लेकरू हजर होतं, चूक माझी.

शेवटचा फोन नायगावला, सर्वेशच्या घरी. आई चंद्रप्रभाबाई, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. अप्पाने आपलं वाक्य म्हटलं.

"हो, माहितीय मला," त्या म्हणाल्या.

"कसं काय? कुणी कळवलं?"

"कळवायला कशाला पाहिजे? मेसेज आला तसा मी सर्वेशला फोन केला. तो म्हणाला, आई, मी बसलो होतो. मग झालं की." एवढं बोलून त्यांनी मार्क विचारले आणि तासाची घंटा झाली म्हणून फोन ठेवला.

भुजंग भिंतीकडे बघत होता. मग त्याने तिन्ही पानं नीट टेबलावर ठेवली, मार्कलिस्ट अप्पाकडे परत सरकवली, आणि पेटी उचलली. तनुजा पुढे झाली तर त्याने तिला हात लावू दिला नाही. हॉस्टेल समोरच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर होतं.

हॉस्टेलच्या दारात ती थांबली. "बाबा, पुन्हा आला मेसेज तर?"

"येऊ दे की," भुजंग म्हणाला. "आधी तुला इचारीन. तू सांगशील ते खरं."

मग तो पेटी घेऊन जिना चढायला लागला, आणि तनुजा त्याच्यामागून आपली तिन्ही रविवारची रँक एकेक करून सांगत गेली.