शालोमकाकांच्या कानात सांगायची ओळ

“तो शब्द आत्ता नाही,” एस्तेरताई फोनवर म्हणाल्या. “सराव म्हणून तो घेत नाहीत, सुजाता. त्या जागी ‘हशेम’ म्हण.”

मी जिन्यात उभी होते. आत खोलीत त्यांचे वडील, शालोमकाका, ऑक्सिजनवर होते.

मी भोरला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. हिर्डोशीच्या आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. शिकता शिकता एका ब्यूरोतर्फे घरच्या पेशंटकडे अटेंडंटचं काम करते. काका एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडचे मराठी बोलणारे ज्यू. डॉक्टरांनी त्यांना ‘पॅलिएटिव्ह’ म्हणून घरी पाठवलं होतं. म्हणजे बरं करायचे उपचार संपले, आता फक्त त्रास कमी ठेवायचा. एकुलती मुलगी, एस्तेरताई, इस्राएलात, आणि तिकडची विमानं रद्द होत होती.

त्यांच्यात माणूस जाताना एक हिब्रू ओळ म्हणतात. ऐक, इस्राएल, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एक. जाणाऱ्यानं स्वतः म्हणायची, नाही जमलं तर जवळच्यानं त्याच्या कानात. काकांना फोनवरचं ऐकूच येत नसे. कानाशी तोंड नेलं तरच. आणि त्यांच्या कानाशी मीच होते.

ती ओळ मी म्हणू का, असं ब्यूरोच्या मॅडमना विचारलं.

“तू अटेंडंट आहेस. धर्माचं काही अंगावर घेऊ नकोस. उद्या काही चुकलं तर?”

“त्यांचं दुसरं कुणी नाही इथे, मॅडम.”

“मग घे. पण मास्ककडे लक्ष ठेव.”

आमच्या घरी बुद्धवंदना पालीत म्हणतात. अर्थ न कळता पाठ करायची मला सवय आहे, त्यामुळे ओळ लवकर आली. अडलं ते नावापाशी. एस्तेरताईंनी समजावलं. देवाचं नाव लिहितात चार अक्षरांत, पण ते कुणीच उच्चारत नाही. प्रार्थनेत त्याऐवजी दुसरा एक शब्द घेतात. शिकताना तोही नाही. तेव्हा ‘हशेम’, म्हणजे नुसतं ‘ते नाव’.

“मग प्रार्थनेतला तो खरा शब्द कधी?”

“वेळ आली की मी सांगीन.”

वेळ आली होती. काकांचा श्वास थांबायचा, बराच वेळ थांबलेला राहायचा, मग हळूहळू सुरू होऊन जोरात वाढायचा आणि पुन्हा मंदावायचा. याला चेन-स्टोक्स म्हणतात. तो दिसला की शेवट जवळ आला, असं ट्रेनिंगमध्ये सांगतात. पण ते घरच्यांना सांगायची आम्हाला परवानगी नसते. ‘पेशंट गंभीर आहे, डॉक्टरांशी बोला,’ एवढंच म्हणायचं. ते मी दोनदा म्हटलं होतं. “बाबा चिवट आहेत,” एस्तेरताई म्हणायच्या, आणि पुन्हा उच्चार घोटून घ्यायच्या.

दुपारी काका जागे झाले. उच्चार बरोबर येतोय का, हे त्यांनाच विचारावं असं वाटलं. कानाशी वाकून ओळ म्हटली.

त्यांनी उजव्या हातानं मास्क खाली ओढला.

“काका, मास्क काढू नका.”

“हशेम?” ते म्हणाले. “एस्तेरनं शिकवलं व्हय?”

“हो.”

“म्हंजे पोरीच्या मतं माजी गाडी अजून डेपोतच हाय.” हसताना त्यांना ठसका लागला. “तिला सांग, फलाटाला लागलीया. कंडक्टर बी चढलाय.”

मी मास्क नीट बसवला आणि त्यांचा हात गादीवर दाबून धरला. मास्ककडे जाणारा हात धरायचा, हे आमच्या कामातलं पहिलं शिक्षण.

जिन्यात जाऊन फोन लावला. काकांचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

“असं म्हणाले?”

“हो.”

“कंडक्टर चढला म्हणाले?”

“हो, ताई.”

मग त्यांनी ओळ म्हटली, खऱ्या शब्दासकट. आवाज मध्येच फाटला, पण शब्द स्वच्छ आला. मी म्हणून दाखवायला तोंड उघडलं.

“मला नको,” त्या म्हणाल्या. “आत जा.”

आत गेले तेव्हा श्वास थांबलेला होता. मी वाकले आणि सावकाश म्हणू लागले. तो शब्द आला आणि काकांचा उजवा हात उठला. बोटाला ऑक्सिमीटरचा चिमटा होता. हात चेहऱ्याकडे निघालेला दिसला, तसा मी तो धरला, खाली ठेवला, आणि ओळ पूर्ण केली. एक बारीक श्वास आला. पुढचा आला नाही.

डॉक्टरांना कळवलं. मग एस्तेरताईंना.

“ऐकलं का त्यांनी?”

“माहीत नाही. हात उचलला होता.”

“कुठला?”

“उजवा.”

“डोळ्यांवर ठेवला?”

“डोळ्यांवर?”

“ही ओळ म्हणताना उजव्या हातानं डोळे झाकतात, सुजाता. ठेवला का?”

“मला वाटलं मास्क काढतायत. मी धरला, ताई.”



“मग आता तू झाक,” त्या म्हणाल्या.

डोळे मिटणं आमच्या कामात येतंच. त्या दिवशी मी ते काकांचाच हात घेऊन केलं. हात अजून गरम होता.

तो शब्द मी इथे लिहिलेला नाही. ही त्याची वेळ नाही.

संध्याकाळी मॅडमनी विचारलं, “मास्क जागेवर होता ना?” होता, म्हटलं. “मग तुझ्याकडून काही चुकलं नाही.”

आता पेशंटचा हात उठला की मी लगेच धरत नाही. आधी बघते, कुठे निघालाय.