एक अंगावर, एक दोरीवर

"एक अंगावर, एक दोरीवर, एक घडीत. चवथा कायले?" असं म्हणून आमच्या रस्त्यापलीकडच्या वहिनी तीन बोटं वर करायच्या आणि करंगळी अंगठ्यानं दाबून धरायच्या. करंगळी सुटली तर तीही नवा कपडा मागेल, अशी भीती असावी.

आमच्या गावी, बोरी अरबला, त्यांच्या दारातच शिलाई मशीन होती. शिवायच्या फक्त लहान लेकरांचं. "मोठे मानसं कंबर चोरतात. लेकरू पोट काढून उभं राह्यते."

त्यांच्या हातचा कपडा तुम्ही लांबूनही ओळखला असता. बाह्या बोटांच्या खाली, चड्डी गुडघ्याच्या खाली. गल्लीतली पोरं काकाचे कपडे घालून निघाल्यासारखी दिसत. कोणी हसलं की वहिनी म्हणत, "कपडा नाई मोठा, लेकरूच उशीर करून राह्यलं."

बटन नाही, खांद्यावर बंद. चड्डी शिवून झाली की लेकराला उकिडवं बसवायचं. बसता आलं तर चड्डी पास. मी एकदा म्हटलं, "वयनी, एखादा खिसा तरी लावा."

"कायले? त्याले कोन्या बाजारात जायचं हाय?"

त्या वर्षी कापसाचा भाव पडला होता. पडत्या भावात देणार नाही, असं मी ठरवलं आणि पुढची खोली छतापर्यंत भरून ठेवली. भाव काही माझ्या हट्टाला भ्याला नाही. नातू दोन वर्षांचा. दिवसभर कापसावर लोळायचा आणि खाजवायचा. साठवलेल्या कापसाची खाज ज्यानं भोगली त्यालाच ठाऊक.

त्यात त्याच्या मामाचं लग्न निघालं. नातू कोणाचा आहे हे मांडवात दिसायला नको? मी एसटीनं पुसदला गेलो आणि सूट आणला. चकचकीत कोट, पँट, गळ्यात रबराचा टाय. सूट चांगलाच होता, हे मी आजही म्हणतो. पोरानं मात्र तो घालून बघता बघता मान खाजवून सोलून काढली. सूनबाईच्या डोळ्यांना पाणी आलं.

रडणं ऐकून वहिनी आल्या. कॉलरमध्ये बोट घालून पाहिलं.

"भाऊजी, घरात छतापर्यंत कापूस, अन् लेकराच्या अंगावर धागाभर नाई! ते पेटीतलं धोतर काढा."

ते धोतर मला मुलाच्या लग्नात आहेरात आलेलं. रुंद लाल काठाचं. मानपानाच्या जागी नेसून नेसून सायीसारखं मऊ झालेलं. या लग्नालाही तेच नेसणार होतो.

"ते नाई भेटनार," मी म्हणालो.

"जुन्या मानसाचं नेसलेलं लेकराले सोसते. त्याचं आयुष्यबी लागते." मग मला खालपासून वरपर्यंत पाहून म्हणाल्या, "अन् तुमी काई इतक्यात जात नाई."

पोरगं कोटाच्या बाहीनं मान घासतच होतं. मी पेटी उघडली. पण अट घातली. "काठ दिसला पायजे. धोतर कोनाचं हे लोकाइले समजलं पायजे."

"दिसन."

तीन सदरे, तीन चड्ड्या आल्या. मी उलटेसुलटे करून पाहिले. काठ कुठंच नाही.

"वयनी, काठ खाल्ला का?"

"टोचते तो लेकराले. दिसन म्हनलं ना! थांबा ना जरा."

लग्नात नातू साध्या पांढऱ्या सदऱ्यात, आणि आजोबा पायजम्यात. आम्ही आचाऱ्याकडची माणसं वाटत होतो. पोरगं ज्याच्या-त्याच्या मांडीवर खुशाल झोपलं, पण न खाजवणारं लेकरू मांडवात कोणाच्या नजरेत भरत नाही.

वहिनींनी माझ्या काठाचे पिशवीला बंद केले, असं मी साऱ्या गावाला सांगितलं. बाजारच्या दिवशी त्यांची पिशवी निरखून पाहायचो. त्यांनाही ते कळायचं. मुद्दाम पिशवी या हातातून त्या हातात घेत आणि म्हणत, "पाहून घ्या, भाऊजी."

पुढं वहिनींची नजर मंदावली. लेकीनं पांढरकवड्याला नेलं, आणि तिकडंच त्या गेल्या. कापूस शेवटी आला त्या भावात गेला. खोली मोकळी झाली.

नातू वाढला. दोन सदरे विरून गेले. तिसरा त्याच्या पोटावर चढला, तेव्हा सूनबाईनं खालची रुंद दुमड उसवली. आतून काठ सुटून खाली आला. सदरा धुऊन धुऊन पिवळट झालेला, काठ मात्र जसा आहेरात आला तसा लाल. मऊ कापडाच्या घडीत त्यांनी तो असा मिटवला होता की लेकराला टोचायला नको, आणि वाढलं की आपोआप दिसावा.

आधी सांगायला काय झालं होतं, हे माझं म्हणणं कायम आहे.

तरी नातवाला कडेवर घेऊन मी रस्त्यावर आलो आणि पलीकडं पाहून मोठ्यानं ओरडलो, "वयनी, दिसला!"

दाराला कुलूप होतं. अंगणात दोरी तेवढी बांधलेली होती, रिकामी.